हाय टेन्शन लाईनवरचं शेवाळ

पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर शेवाळ येतं, हे आपण सगळेच बघतो. पण लाखो व्होल्टच्या लाईनवर? तिथेही येतं बरं का! आज त्याबद्दलच बोलूया.

टॉवरला तार थेट बांधत नाहीत, मध्ये इन्सुलेटर लावतात. पूर्वी तो चिनी मातीचा किंवा काचेचा असायचा. आता बऱ्याच ठिकाणी पॉलिमरचा असतो. आत फायबरग्लासची दांडी, वर सिलिकॉन रबरचं आवरण आणि त्यालाच एकाखाली एक अशा गोल छत्र्या. वजनाला एकदम हलका.

याची खरी ताकद काय? अळवाच्या पानासारखा तो पाणी टिकू देत नाही. थेंब वेगवेगळे राहतात, घरंगळून जातात. धूळ बसली तरी रबरातले सिलिकॉनचे हलके रेणू वर येऊन त्या धुळीवर पसरतात. मग धुळीवरही पाणी पसरत नाही.

शेवाळ नेमकी हीच ताकद काढून घेतं. ते रबर खात नाही. त्याला ओलावा, उजेड आणि थोडी धूळ पुरते. पण त्याचा थर स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. थेंबांऐवजी पाण्याचा सलग पापुद्रा तयार होतो आणि त्यातून थोडा थोडा करंट वाहू लागतो. त्या उष्णतेने काही पट्टे सुकतात, तिथे ठिणग्या पडतात, रबर जळू लागतं. फारच बिघडलं तर फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे वीज इन्सुलेटरच्या बाहेरून उडी मारते आणि लाईन ट्रिप!

हे फक्त उष्ण देशांतच होतं, असंही नाही. श्रीलंका आणि टांझानियाबरोबर थंड स्वीडनमधल्या इन्सुलेटरवरही असे जैविक थर सापडलेत, आणि संशोधकांनी त्यांचा अभ्यास केलाय.

मग उपाय काय? पहिला, जागा. दाट झाडी, सावली आणि सततचा दमटपणा असेल तिथे तपासणी जास्त वेळा करायची, वाढलेल्या फांद्या छाटायच्या. दुसरा, रबराचं मिश्रण. त्यात झिंक बोरेटसारखा पदार्थ घातला तर बुरशीला आळा बसतो, असं प्रयोगांत दिसलंय. पण औषध घालताना रबराचे विजेचे गुण बिघडून चालत नाहीत, आणि ते पावसात धुऊन जाता कामा नये. लाईन तर कित्येक वर्षं उभी राहणार असते!

तिसरा, वेळेवर ओळखणं. यासाठी स्वीडनमधली एक साधी पद्धत जगभर वापरतात. स्प्रेच्या बाटलीने पाणी फवारायचं आणि थेंब कसे बसतात ते बघायचं. एचसी १ म्हणजे सुटे गोल थेंब, एचसी ७ म्हणजे पूर्ण ओला पापुद्रा.

हिरवं दिसलं म्हणजे उद्याच लाईन पडणार, असं नाही. कोरडं शेवाळ फारसा त्रास देत नाही. म्हणून घाईने खरवडायचंही नाही. रबराला चीर गेली किंवा जोराच्या फवाऱ्याने टोकाचं सील उघडलं, तर पाणी आतल्या दांडीपर्यंत पोचतं. मग दांडीच तुटू शकते आणि तार खाली येऊ शकते. म्हणजे दुखण्यापेक्षा औषध भारी!

हे सगळं काम प्रशिक्षित लोकांचं, तेही ठरलेल्या सुरक्षा नियमांनी. आपण काय करायचं? पावसात इन्सुलेटरवर ठिणग्या दिसल्या तर लांब राहायचं आणि टॉवरचा नंबर वीज कंपनीला कळवायचा. नंबर वाचायला जवळ जावं लागत असेल, तर फक्त जागा सांगा. तेवढं पुरतं.