चारचौघांत मन मोकळे करताना

श्रोतेहो, घरातले दुखणे चारचौघांत बोलू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. ही शिकवण चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. सकाळी तोंडातून निघालेला शब्द दुपारपर्यंत एस. टी. च्या थांब्यावर पोचलेला असतो, हे तुम्ही-आम्ही सगळेच जाणतो. म्हणून आजचा विषय ऐकून तुम्हांला थोडे नवल वाटेल. विषय आहे समूह-समुपदेशन. सारख्याच अडचणीत सापडलेली आठ-दहा माणसे ठरल्या वेळी एकत्र बसतात, आपापले सांगतात, दुसऱ्याचे ऐकतात आणि एक जाणकार त्या बैठकीची घडी राखतो. एवढेच ते.

गंमत अशी, की या पद्धतीचा एक आरंभ क्षयरोग्यांमध्ये झाला. १९०५ साली अमेरिकेत बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी क्षयाच्या गरीब रोग्यांचा एक वर्ग काढला. आरोग्यधामात राहण्याची ऐपत नसलेली ही माणसे. विश्रांती, मोकळी हवा, आहार यांची रोज वहीत नोंद करायची आणि आठवड्यातून एकदा जमायचे. डॉक्टरांना पथ्य शिकवायचे होते. पण त्यांच्या ध्यानात आले, की निरनिराळ्या वंशांची आणि धर्मांची ही माणसे एका दुखण्यामुळे एकमेकांना धीर देऊ लागली आहेत. 'हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही' एवढे कळले, तरी माणसाचे अर्धे ओझे उतरते.

तुम्ही म्हणाल, हे शहरातले झाले. तर युगांडातील ३० खेड्यांत झालेला एक प्रयोग पाहा. त्याचा वृत्तान्त २००३ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याने ग्रासलेल्या माणसांचे गट केले, बायांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आठवड्यातून एकदा दीड तास, असे सोळा आठवडे. गट चालवणारे डॉक्टर नव्हते. दोन आठवडे शिकवून तयार केलेली तिथलीच माणसे होती. अखेरीस गटात बसलेल्यांपैकी शेकडा ६.५ जणांतच तीव्र नैराश्य उरले होते. ज्यांना गट मिळाला नव्हता त्यांच्यात ते शेकडा ५४.७ होते.

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला नापास झालेल्या नऊ मुलांचा असा गट मी चालवला. पहिल्या दिवशी खुर्च्या गोल मांडल्या आणि चाळीस मिनिटे मीच बोललो! शिक्षकाची खोड, दुसरे काय? पुढच्या खेपेस मात्र ठरवून गप्प बसलो. ती शांतता फार जड जाते, बरं का. पण ती सोसावी लागते. शेवटी एक मुलगा खाली बघत म्हणाला, "सर, नापास झालोय हे घरी सांगितलंच नाही. रोज डबा घेऊन निघतो आणि स्टँडवर बसून राहतो." दुसरा म्हणाला, "मीपण." मग तिसरा. त्या दिवशी मुले उशिरापर्यंत उठली नाहीत.

आणि तिथेच मी चुकलो. आठवडी बाजारात त्या पहिल्या मुलाचे वडील भेटले. भला माणूस, काळजीत होता. मी सद्‌हेतूने सारे सांगून टाकले. पुढच्या बैठकीला तो मुलगा आला नाही. त्यापुढच्या बैठकीला चौघेच आले, तेही क्रिकेटवर बोलून गेले. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुमच्यावर राग नाही. पण त्या खोलीत आता बोलवत नाही."

गट तिथेच मोडला. या पद्धतीचे पहिले तत्त्व पुस्तकात मी कितीतरी वेळा वाचले होते: गटातले बोलणे गटाबाहेर जाता कामा नये. ते मला खरे समजले ते असे.

आता मी पहिल्याच बैठकीत हे सर्वांकडून कबूल करून घेतो, आणि अपवादही आधीच सांगून ठेवतो. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही. असे काही कानी आले तर ते गटावर सोपवू नये. त्या माणसाला एकटे न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना आणखी एक सांगतो. ज्या मुलांचे गुण तुमच्या हातात आहेत, त्यांचा गट शक्यतो तुम्ही चालवू नका; शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याला बोलवा. कोणाला ओढून आणू नका. 'तू असं कर' म्हणणाऱ्याला हळूच अडवा आणि 'तू स्वतः काय केलंस?' असे विचारा. पहिल्या एक-दोन बैठका पाऊस, कांद्याचा भाव आणि परीक्षेची तारीख यांतच जातील. जाऊ द्या. तेवढ्या वेळात मुले तुम्हांला पारखून घेत असतात.