थंड मुलखातील एक शेत आणि हिंसेचा हिशेब

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘अहिंसा आणि शेती’ या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत. शास्त्राधारे बोलण्याचा अधिकार पंडितांचा. मी शिरोळ तालुक्यातला एक ऊस पिकविणारा श्रावक. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली आणि त्यांत कृषीला स्थान दिले, एवढाच माझा आधार. म्हणून आज मी केवळ पाहिलेले सांगणार आहे; आणि जे पाहिले ते आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात.

माझी कन्या नोकरीनिमित्त तेथे राहत असे. तिच्याकडे मी दोन वेळा जाऊन राहिलो: २०१४ च्या उन्हाळ्यात आणि २०१६-१७ च्या हिवाळ्यात. तिच्या घरालगत एका कुटुंबाचे सेंद्रिय शेत होते. पती, पत्नी, दोन शाळकरी मुले आणि लागवडीखाली जेमतेम साडेतीन एकर. आपल्याकडे एवढ्या जमिनीवर घर चालत नाही म्हणून मुले शहराची वाट धरतात. त्यांचे चालत होते, तेही ओढगस्तीनेच. पत्नी हिवाळ्यात गावातील ग्रंथालयात अर्धवेळ काम करी. हे सांगणे आवश्यक आहे, कारण परदेशातील शेतीची वर्णने करताना आपण अशा गोष्टी गाळून टाकतो.

त्या मुलखात निसर्ग शेतकऱ्याला फार थोडे दिवस देतो. मेच्या मध्यापर्यंत रात्रीचे दव गोठण्याची धास्ती, आणि सप्टेंबर सरता सरता पुन्हा तीच. मधल्या चार-साडेचार महिन्यांत वर्षाची बेगमी करायची. उरलेला काळ म्हणजे एक प्रकारचा चातुर्मासच म्हणा ना! आपले मुनिराज पावसात एका ठिकाणी राहतात, ही मंडळी बर्फात. लाकडे वर्षभर आधी फोडून, रचून, वाळवून ठेवायची. ओले लाकूड धूर देते, ऊब देत नाही. घराखालच्या तळघरात गाजर व बीट ओलसर वाळूत पुरून ठेवायचे, कोबीचे गड्डे मांडून ठेवायचे, भोपळे मात्र कोरड्या व जरा उबदार खोलीत. लसूण ऑक्टोबरात लावून त्यावर पेंढ्याचे जाड पांघरूण घालायचे. तो बर्फाखाली झोपतो आणि जुलैत निघतो. मुख्य आहार कंदमुळांचा. माझ्यासारख्या माणसाची तेथे मोठी पंचाईत. मी बहुतेक कोबी, भोपळा आणि कन्येने शहरातून आणलेल्या डाळींवर दिवस काढले.

त्याच राज्यात, हार्बरसाइड या गावी, एलियट कोलमन नावाच्या शेतकऱ्याने ही चौकट थोडी मोडून दाखविली. १९६८ साली त्यांनी स्कॉट व हेलन निअरिंग या वृद्ध दांपत्याकडून जमीन घेतली. निअरिंग दांपत्य शाकाहारी होते. जनावरे न पाळता, पालापाचोळा व समुद्रशैवाल कुजवून ते शेती करीत. कोलमन यांनी चुलीवाचून, विजेवाचून, केवळ प्लॅस्टिकच्या साध्या पॉलिहाऊसमध्ये पिकावर पातळ कापडाचे दुसरे पांघरूण घालून भर हिवाळ्यात पालक व गाजर काढले. त्यांचे निरीक्षण असे की पिकाला थंडीइतकाच उजेडाचा तुटवडा बाधतो. तेथे साधारणतः नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दिवस दहा तासांहून लहान असतो आणि पिकाची वाढ जवळजवळ थांबते. म्हणून पीक त्याआधीच वाढवून ठेवायचे आणि हिवाळाभर लागेल तेवढेच काढायचे. थंडीने गाजरात साखर उतरते, ते अधिक गोड होते. आमच्या शेजाऱ्यांनी असेच एक छोटे पॉलिहाऊस उभारले होते. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत हिरवागार पालक, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गंमत अशी की, या सेंद्रिय शेतीचे एक मूळ आपल्याच देशात आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसविली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. ज्या कुजलेल्या ढिगाला आपल्याकडे उकिरडा म्हणून नाके मुरडली जातात, त्याला ते शेजारी सोन्यासारखे जपत.

परंतु ‘सेंद्रिय’ हा शब्द ऐकताच तो ‘अहिंसक’ या अर्थी घ्यावा, असे मात्र नाही. अमेरिकेत २००२ पासून सेंद्रिय मालाचे राष्ट्रीय नियम लागू आहेत. जमिनीवर तीन वर्षे निषिद्ध रसायन पडलेले नसावे, ही त्यातील मुख्य अट. मात्र त्याच नियमांत हाडांचा चुरा, कत्तलखान्यातील वाळविलेले रक्त आणि मासळीचे खत चालते. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेले कीटकनाशकही चालते. शिक्का पाहून निःशंक मनाने खाणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानी घ्यावे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे सांगत आलो, तो सांगतो. जुलै महिना होता. बटाट्याच्या पानांवर पिवळ्या अंगाचे, काळ्या पट्ट्यांचे भुंगे पडले होते. ते कुटुंब विष मारीत नसे. हाताने एकेक भुंगा वेचून साबणाच्या पाण्यात टाकी. शेजारीणबाईंनी एक डबा माझ्याही हाती दिला. मी नम्रपणे नकार दिला. आमचा धर्म सांगितला, आणि आम्ही कंदमूळदेखील खात नाही हेही सांगितले; काहीशा अभिमानानेच. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग तुमच्या शेतात कीड पडली, तर तुम्ही काय करता?”

मी उत्तर देऊ लागलो आणि अडखळलो. आपण मराठीत म्हणतो, ‘औषध मारले’, ‘औषध टाकले’. इंग्रजीत बोलताना तो शब्द चालेना. तेथे मला सरळ विषाचेच नाव घ्यावे लागले. आयुष्यात प्रथमच ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

माझ्या वडिलांनी जन्मभर बटाटा, कांदा, लसूण यांना स्पर्श केला नाही. सूर्यास्तानंतर पाणी घेतले नाही. पाणी गाळून प्यायले. आणि उसाला हुमणी लागली की तेच वडील फोरेटचे दाणे सरीतून मुठीमुठीने पेरीत. पुढे ती मूठ माझ्या हाती आली. त्या दाण्यांवर आता बंदी आहे, परंतु ती सरकारने घातली; आपल्यापैकी कोणाच्या व्रताने नव्हे. किती जीव गेले, हे आम्ही कधी मोजले नाही. ती उद्योगी हिंसा, गृहस्थाला ती अटळ, असे म्हणून आम्ही तो विषय मिटवीत असू. शास्त्राने गृहस्थाला सवलत दिली आहे हे खरे. पण अटळ किती आणि सोयीचे किती, याची विचारपूस कोणी करायची?

त्या बाई संध्याकाळी वहीत लिहीत: आज बटाट्यावरचे इतके भुंगे, अंड्यांचे इतके पुंजके. त्यांना त्यात धर्म दिसत नव्हता, पिकाची नोंद होती. मला मात्र आपले आलोचना पाठ आठवले. पुढल्या हंगामात त्यांनी बटाट्याची जागा बदलली, जमिनीवर पेंढा अंथरला, कोवळ्या पिकावर कापड घातले. २०१६ साली पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी वही काढून दाखविली. आकडे निम्म्याहून खाली आले होते. हे मी त्यांचा गौरव करण्यासाठी सांगत नाही. त्याच घरात अंडी देणे थांबलेल्या कोंबड्या हिवाळ्याच्या तोंडावर मारल्या जात. त्या दिवशी मी खिडकीचा पडदा ओढून बसलो होतो.

परत आल्यावर मी दोन एकरांत विषारी औषधे बंद केली. उसाचा फेरपालट केला, ताग गाडला. उत्पन्न घटले, घरात बोलणी खाल्ली. हुमणी मात्र येतेच. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. ते फांद्या हलवून खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, असे कृषी खाते सांगते. म्हणजे मेनमध्ये मी ज्याला हात लावला नाही, तोच डबा. गेल्या जूनमध्ये मी तो धरला. पत्नीने विचारले, “अहो, हे तुमच्या व्रतात बसतं का?” मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री वहीत आकडा लिहिला: दोनशे चौदा.

व्यासपीठावर विद्वान पंडितजी आहेत. त्यांनी याविषयी मार्गदर्शन करावे. विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे. आपल्या वसतिगृहामागील जमीन ठेक्याने उसाला दिलेली आहे. तिच्यात वर्षभरात काय काय टाकले जाते, याची यादी ठेकेदाराकडून मागवून ती पुढील वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर वाचून दाखवावी.