माती प्लॉटवरच थांबवू या

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नवा कारखाना उभा राहायचा, तर पहिलं काम सपाटीकरणाचं. पोकलेन येतो, गवत खरवडून निघतं, मातीचे ढीग लागतात. हे काम उन्हाळ्यात उरकायची घाई असते आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे वळीव कोसळतो. उघडी पडलेली माती त्या पावसात गटारात आणि गटारातून ओढ्यात जाते. वसाहतीच्या या माळाच्या एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला दूधगंगा. दोन्ही नद्या पुढे कृष्णेला मिळतात.

ही माती अडवण्याचं काम बांधकामावरच्या माणसांना प्रत्यक्ष जागेवर, हातानं करायला लावून शिकवलं पाहिजे.

सुरुवात एका बरणीनं करावी. तिच्यात मूठभर काळी माती आणि पाणी घालून जोरात हलवा. वाळू लगेच तळाला बसते. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण शांत पाण्यातसुद्धा एक मीटर खाली जायला १० दिवसांहून जास्त घेतो. म्हणजे एकदा सुटलेली काळी माती गाळकुंडात पुरती सापडत नाही. म्हणून आधी धूप थांबवायची आणि उरलेला गाळ मग अडवायचा. हा क्रम बरणी पाहिलेला मुकादम विसरत नाही.

मग प्लॉटवर उतरायचं. वरच्या अंगानं येणारं पाणी चर काढून बाजूला वळवायचं. लागेल तेवढीच जमीन उघडायची. वरची सुपीक माती वेगळी रचून झाकायची. उघड्या उतारावर पाचट अंथरायचं. उसाच्या या मुलखात त्याला तोटा नाही. खालच्या अंगाला गाळ अडवणारं कापडी कुंपण समपातळीत लावायचं. त्याचा खालचा काठ वीतभर चरात पुरून माती दाबायची, नाहीतर पाणी खालूनच निसटतं. गेटवर जाड खडीचा पट्टा हवा, म्हणजे डंपरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येत नाही. आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर साचलेला गाळ काढायचा. नकाशावर हे कुंपण म्हणजे एक रेघ असते. जमिनीवर ती कुदळ-फावड्यानं जमते.

असं शिक्षण आपल्याला नवं नाही. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव तालुक्यांतल्या गावकऱ्यांनी समतल चर आणि बांध यांचं प्रशिक्षण घेतलं आणि श्रमदानानं ते आपापल्या शिवारात उतरवलं. शेतात जे साधलं ते कारखान्याच्या प्लॉटवरही साधेल. अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन बांधकामासाठी उकरायची, तर पावसाच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाचा बंदोबस्त परवान्यानंच बांधून दिलेला असतो. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या २०२२ च्या परवान्यात तर जागेची तपासणी करणारा माणूस प्रशिक्षित असावा, अशी अट आहे.

म्हणून औद्योगिक वसाहतीचे अधिकारी, उद्योजकांच्या संघटना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं यांना माझी विनंती आहे. वळवाच्या आधी एखाद्या चालू प्लॉटवर मुकादम, पोकलेनचालक आणि साइट इंजिनिअर यांचं प्रशिक्षण घ्या. ठेकेदाराच्या करारात माती अडवण्याचं काम वेगळ्या दरानं लिहा. दर लिहिला तरच ते काम होतं. ही सुरुवात येत्या उन्हाळ्यातच करा.