‘करायला हवे होते’, पण कुणी?



आजचा विषय वरवर पाहता शाळेच्या फळ्यावरचा आहे. इंग्रजीत ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट’, ‘हॅव टू’ अशी साहाय्यकारी क्रियापदे असतात. त्यांनी कर्तव्य सांगता येते, हे आपण पाठ केलेले असते. पण हीच क्रियापदे कबुली देण्याच्याही कामी येतात, याकडे सहसा कुणी लक्ष वेधत नाही. कर्तव्य आणि कबुली यांचे हे नाते योगायोगाचे नाही, असे मला मांडायचे आहे. कर्तव्याचे वाक्य भूतकाळात गेले की त्यात कबुली येते. मात्र त्या वाक्यात कर्ता असेल तरच ती कबुली खरी ठरते.

इंग्रजीपासून सुरुवात करू. ‘शॅल’ या क्रियापदाच्या जुन्या रूपाचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता आणि ‘शुड’ हे त्याचेच भूतकाळी रूप. ‘ऑट’ हे ‘ओ’ म्हणजे ऋणी असणे या क्रियापदाचे जुने भूतकाळी रूप. त्याच घराण्यातल्या जर्मन भाषेत ‘शुल्ड’ हा शब्द कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी चालतो. आपणही ‘मी त्याचे शंभर रुपये देणे लागतो’ म्हणतो आणि ‘मला जावे लागते’ असेही म्हणतो. कर्तव्य म्हणजे देणे, ही समजूत दोन्हीकडे क्रियापदांत मुरलेली आहे. आणि देणे चुकले की ते कबूल करण्याची वेळ येते. इंग्रजीतली पुढची सोय पाहा. ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ उरलेला नाही, ‘मस्ट हॅव गॉन’ म्हटले की तर्क होतो, ‘गेला असला पाहिजे’ असा. म्हणून भूतकाळातल्या कर्तव्यासाठी दोन वाटा फुटतात. ‘हॅड टू गो’ म्हणजे जावे लागले, आणि माणूस गेलासुद्धा. ‘शुड हॅव गॉन’ म्हणजे जायला हवे होते, पण गेला नाही. ‘चुकलो’ हा शब्दही न उच्चारता चूक मान्य झाली.

मराठीत ही विभागणी आणखी बारीक आहे. आपल्या व्याकरणात ‘करावे’ या रूपाला विध्यर्थ म्हणतात. कर्तव्य, इच्छा, शक्यता असे अनेक भार तो वाहतो. त्याला ‘लागणे’ जोडले की माणूस ‘ला’ घेऊन येतो: ‘तलाठ्याला जावे लागले’. इथे सक्ती बाहेरून येते आणि माणूस ती सोसतो. ‘पाहिजे’ किंवा ‘हवे’ आले की तो ‘ने’ घेऊन येऊ शकतो: ‘तलाठ्याने जायला हवे होते’. इथे तो कर्ता आहे, जबाबदारी त्याची आहे. तिसरी रचना कचेरीची: ‘करण्यात यावे’, ‘करण्यात यायला हवे होते’. इथे ‘ला’ही नाही आणि ‘ने’ही नाही. कर्तव्य शिल्लक राहिले, कर्तव्य असणारा नाहीसा झाला.

आता उलट बाजू. इंग्रजी माणूस साधे ‘मी कबूल करतो’ न म्हणता ‘आय मस्ट अ‍ॅडमिट’ का म्हणतो? काही वाक्ये बोलणे म्हणजेच कृती करणे असते, हा विचार तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्डच्या व्याख्यानांत मांडला. पुढे 1975 साली भाषाशास्त्रज्ञ ब्रूस फ्रेझर यांनी अशा वाक्यांना ‘मस्ट’ किंवा ‘कॅन’ची जोड मिळाली की काय होते, याचा अभ्यास केला. कबुली तर दिली जाते, पण ती आपण राजीखुशीने देत नसून परिस्थिती द्यायला लावते आहे, असे सूचित होते. मराठीत ‘मला हे कबूल करावे लागेल’ आणि ‘मी हे कबूल केले पाहिजे’ यांत तोच फरक आहे. पहिल्यात पुरावा ओढून नेतो, दुसऱ्यात माणूस आपणहून पुढे येतो. पुरावा ओढून नेतो यात गैर काही नाही. पण मग कोणता पुरावा, हे विचारण्याचा हक्क ऐकणाऱ्याला मिळतो.

हे सगळे खालापुरात बोलण्याचे कारण उघड आहे. 19 जुलै 2023च्या रात्री याच तालुक्यातल्या, इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे बेपत्ता राहिली. ही वस्ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. ‘यादीत नव्हती’ हे वाक्य खरे आहे. पण त्यात कर्तव्यही नाही आणि कर्ताही नाही, जणू यादी आपोआप तयार होते. 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा मूळ इंग्रजी मजकूर याच संदर्भात वाचण्यासारखा आहे. कलम 30 मध्ये जिल्हा प्राधिकरणाने काम करण्याबाबत ‘शॅल’ आहे, पण जिल्ह्यातील धोक्याची क्षेत्रे ओळखली जातील याची खबरदारी घेण्याआधी ‘मे’ आहे. कलम 31 मध्ये मात्र जिल्हा आराखड्यात अशी क्षेत्रे असण्याबद्दल पुन्हा ‘शॅल’ येतो. एकच काम एका ठिकाणी अधिकार होते आणि दुसऱ्या ठिकाणी बंधन.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या अभ्यासकांचा येईल: अधिकाराला कर्तव्य चिकटलेले असेल तर न्यायालये ‘मे’चा अर्थ ‘शॅल’सारखा लावतात. बरोबर आहे. पण ते न्यायालयात गेल्यावर, म्हणजे दरड कोसळून गेल्यावर. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘हवे होते’ म्हणायला आधी ‘करता आले असते’ हे सिद्ध व्हावे लागते. डोंगर कधी सुटेल हे कुणाला कळणार? नेमकी रात्र सांगता येत नाही, हे मान्यच. पण 2014 साली माळीण आणि 2021 साली याच रायगड जिल्ह्यातले तळिये ही गावे दरडीखाली गेल्यानंतर तीव्र उताराखालच्या वाड्या तपासण्याची गरज कळायला भविष्यवेत्ता लागत नाही. आणि एखादी वस्ती खरोखरच ओळखता आली नसती, तर तेही पुराव्यासह मांडता येते. ते प्रामाणिक उत्तर असेल. तिसरा आक्षेप असा की मोठ्या यंत्रणेत काम अनेकांत वाटलेले असते, एकाचे नाव घेणे अन्याय होईल. व्यक्तीचे नाव नको. पदाचे आणि कार्यालयाचे नाव पुरे आहे. ‘ने’ प्रत्यय पदालाही तितक्याच सहज लागतो. आदेश अनेकांसाठी असतो, म्हणून त्यात ‘करण्यात यावे’ चालून जाईल. हिशेब देताना ते चालू नये.

बिनकर्त्याच्या कबुलीचा तोटा फक्त मृतांच्या नातेवाइकांना होतो असे नाही. ज्या वाक्यात कुणाचे चुकले हे नाही, त्या वाक्यातून पुढच्या पावसाळ्यात कुणी काय करायचे हेही निघत नाही. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत डोंगरउतारावर ठाकर आणि कातकरी वाड्या आजही आहेत. म्हणून आपण सर्वांनी ग्रामसभेत एवढे करावे: पावसाळ्यापूर्वीच्या ठरावात ‘सर्वेक्षण करण्यात यावे’ असे लिहू देऊ नये. कोणत्या कार्यालयाने, कोणत्या वाडीचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे वाक्यातच लिहून घ्यावे.