भांड्यावरचं नाव आणि गावाचा नकाशा



काटोलच्या बाजारातून पितळेचा गुंड किंवा स्टीलचा डबा आणला, की त्यावर आपण आधी नाव घालून घेतो. धातूवर कोरलेलं टिकतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सव्वाचारशे वर्षांपूर्वी एक अख्खं शहर असंच तांब्यावर कोरलं गेलं. ते म्हणजे आजचं जुनं गोवा. लिन्सखोतेन नावाचा डच माणूस १५८३ मध्ये तिथे आला आणि आर्चबिशपांच्या पदरी राहिला. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलं गेलं. त्यात गोव्याचं चित्र आहे. घारीने वरून पाहावं तशी गल्ल्या, घरं, चर्चं त्यात दिसतात.

हे छापत कसे? तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कोरणीने रेघा काढायच्या. रेघांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची. मग ओलसर कागद ठेवून पत्रा रुळाखालून काढायचा. छाप उलटी उमटते, म्हणून अक्षरंसुद्धा उलटीच कोरायची. एकदा पत्रा तयार झाला, की त्यावरून कितीतरी प्रती निघत.

पुढे रोगराईने ते शहर ओस पडलं. १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली. आज तिथे मोठी चर्चं उभी आहेत, पण घरांच्या त्या ओळी नाहीत. त्या कागदावर तेवढ्या राहिल्या.

त्याच पुस्तकात गोव्याच्या बाजाराचंही चित्र आहे. त्या बाजारात माणसंही विकली जात. चित्रात ती दिसतात, पण त्यांची नावं कुठेच नाहीत.

आम्ही गटाच्या बैठकीत रांगोळीने गावाचा नकाशा काढला, तेव्हा हेच आठवलं. देऊळ, शाळा, ग्रामपंचायत झटकन आली. नाल्यापलीकडची घरं राहूनच गेली. तिथली एक आजी म्हणाली, "बाई, आमचा रस्ता कुठं हाय?" आम्ही सगळ्या गप्प झालो. मग रांगोळीची चिमूट तिच्याच हातात दिली.

रांगोळी वाऱ्याने जाते. म्हणून तो नकाशा आम्ही त्याच दिवशी कागदावर उतरवला. घरवालीचं नाव, हातपंप, पावसात बंद होणारी वाट, सगळं लिहिलं. खाली तारीख आणि काढणाऱ्यांच्या सह्या. एक प्रत ग्रामसभेत दिली, एक गटाच्या फाइलमध्ये ठेवली.

तुमच्या गावाचा नकाशा काढाल, तेव्हा शेवटच्या घरापासून सुरुवात करा. भांड्यावर नाव घालतो ना, तसं नकाशावरही आपलं नाव घाला.