अणुभट्टी आणि माणसे

श्रोतेहो, आम्ही चेंबूरकर मंडळी रोज तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी वावरतो. टेकडीपलीकडे, खाडीकाठी, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा परवा म्हणाला, “सर, तिथं शिरायला लई डोकं लागत असेल, नाही?” मी म्हटले, “डोके तर लागतेच, बाबा. पण तेवढ्यावर भागत नाही.” काय लागते, तेच आज सांगायचे आहे.

1956 च्या ऑगस्टची 4 तारीख. त्या दिवशी तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला, तर आशियातली ही पहिलीच. इंधन आले ब्रिटनहून. पण आराखडा आणि बांधणी आपल्या माणसांची. तयार भट्टी विकत आणणे काही अशक्य नव्हते. पण विकत आणलेले यंत्र आपल्याला वापरता येते, ते का चालते हे मात्र कळत नाही. डॉ. होमी भाभांना ते कळणारी माणसे हवी होती. म्हणूनच 1957 साली त्यांनी तिथे प्रशिक्षण विद्यालय काढले. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलांना वर्षभर शिकवायचे. पदार्थविज्ञानवाल्याने थोडे अभियांत्रिकी शिकावे, अभियंत्याने थोडे पदार्थविज्ञान, आणि मग दोघांनी एकाच कामाला खांदा लावावा, अशी ही रीत.

1966 च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले. एका माणसावर उभी असलेली संस्था अशा वेळी कोसळते. ही कोसळली नाही, कारण मागे माणसे तयार होती. माटुंग्याच्या व्ही. जे. टी. आय. मधून यंत्र अभियांत्रिकी शिकून आलेले अनिल काकोडकर याच विद्यालयातले. पुढे 2000 साली ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

पण खरी परीक्षा यशाच्या दिवशी होत नसते. 100 मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी 1985 साली सुरू झाली आणि लागलीच अडचण उभी राहिली. जड पाण्याच्या वेगवान प्रवाहामुळे इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. त्यांची आवरणे घासून झिजू लागली. अशा वेळी दोन मोह होतात. एक, झाकून ठेवण्याचा. दुसरा, परदेशी तज्ज्ञाला हाक मारण्याचा. तिथल्या मंडळींनी थरथरीचे मूळ शोधले, जुड्यांची रचना सुधारली, आणि 1988 साली भट्टी पूर्ण शक्तीने चालवली. कर्करोगावरील उपचारांसाठी आणि उद्योगांसाठी लागणारी किरणोत्सारी समस्थानिके याच भट्टीत तयार होत आली आहेत.

पुढारीपण म्हणतात ते हेच. तरुणाच्या हाती अवघड काम द्यायचे, आणि ते बिघडले तर त्याच्या पाठीशी उभे राहायचे. अर्थात अणुशास्त्रात चुकीची किंमत फार मोठी. म्हणून तिथे ‘मला शंका आहे’ असे म्हणणाऱ्या कनिष्ठाचेही ऐकले गेले पाहिजे. आणि टेकडीअलीकडे राहणाऱ्या तुम्हा-आम्हा शेजाऱ्यांनी सुरक्षेविषयी विचारले, तर सरळ उत्तर मिळाले पाहिजे. प्रश्न विचारणे म्हणजे विरोध नव्हे.

जुनी ‘अप्सरा’ 2009 साली थांबली. 2018 साली तिची नवी, अधिक शक्तीची आवृत्ती तिथेच सुरू झाली. भट्ट्या जुन्या होतात, श्रोतेहो; माणसे घडवण्याची रीत तेवढी जुनी होऊ देता कामा नये. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी घड्याळ उघडून बसली, तर रागावू नका. बिघडले तर बिघडू द्या. फक्त ते पुन्हा जोडायला तिलाच बसवा.