मेरुरज्जूची कैफियत



पाय जड पडू लागले, चालताना वहाण नकळत निसटू लागली, की आपल्याकडील मनुष्य प्रथम पायांनाच तेल चोळतो. ‘वात धरला’ असा निकाल घरातील वडीलधारी मंडळी देऊन मोकळी होतात. आणि सर्व अनर्थाचे मूळ ज्या ठिकाणी आहे त्या पाठीकडे पाहण्याची बुद्धी पुष्कळदा फार उशिरा सुचते. म्हणून पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या या दोराच्या, म्हणजे मेरुरज्जूच्या, बाबतीत रोग कोणता, यापूर्वी तो कोठे आहे, हा प्रश्न विचारावा लागतो.

हा रज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे हातभर लांब आणि जेमतेम करंगळीएवढा जाड. त्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात. मेंदूचे हुकूम खाली पोचविणे आणि अंगाची खबर वर नेणे एवढेच त्याचे काम असे मात्र समजू नये. निखाऱ्यावर पडलेला पाय हुजुराची मंजुरी येण्यापूर्वीच मागे घेणाऱ्या या मामलेदारास स्वतःचा असा अखत्यार आहे. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली केवळ तंतूंचा झुपका उरतो आणि पाठीतले पाणी काढण्याची सुई त्या खालच्या भागातच घालतात. तेव्हा ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा होतो’ हा आपल्याकडील प्रवाद किती निराधार आहे, हे वेगळे सांगावयास नको.

मॉरिशसमध्ये जन्मलेल्या ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखविले की, रज्जूची डावी बाजू तेवढी छेदली गेली तर डावा पाय उचलत नाही, परंतु चटका कळेनासा होतो तो उजव्या पायास. कोणत्या पायाची शक्ती गेली, बधिरता पोटावर कोणत्या रेषेपर्यंत चढली, एवढ्या दाखल्यांवरून अनुभवी वैद्य बिघाडाचे ठिकाण बरेच नेमके सांगू शकतो.

आपल्या देशात ज्याच्याविषयी विस्ताराने बोलले पाहिजे तो विकार म्हणजे मणक्यांचा क्षय. क्षय हा फुप्फुसांचा रोग अशी आपली दृढ समजूत. परंतु तोच जंतू रक्तावाटे मणक्याच्या पुढच्या भागात शिरून ठाण देतो, हळूहळू हाड पोखरतो, पोखरलेले मणके पुढे कोसळून पाठीवर पोक येते, आणि पू व हाडाचे तुकडे मागे सरकून रज्जूवर दाब आणतात. पाठीचे हे वाकणे आणि पायांचे लुळेपण यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७९ साली वर्णिला. क्षयाचा जंतू मात्र कॉख या शास्त्रज्ञाने जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये. संध्याकाळचा बारीक ताप, वजनातील घट, रात्री अधिक जाणवणारी पाठदुखी, आणि खाली पडलेली वस्तू कमरेत न वाकता गुडघे दुमडून उचलणारे मूल, ही लक्षणे ज्या घरात दिसतील त्या घराने मालिशवाल्यास बोलावू नये. येथे रज्जू बहुधा तुटलेला नसतो, दबलेला असतो. म्हणून वेळीच औषध सुरू झाले, प्रसंगी शस्त्रक्रियेने दाब काढला, तर अंथरुणास खिळलेली अनेक माणसे पुन्हा चालू लागतात. अट एवढीच की, दुखणे थांबले म्हणून औषध थांबवावयाचे नाही. त्याची मुदत कित्येक महिन्यांची असते.

दुसरा विकार आपल्या ताटातून येतो. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. दूधदुभत्यातून थोडे मिळते. शाकाहाराचा अभिमान मीही बाळगतो, पण अभिमानाने रज्जूचे पोषण होत नाही. या जीवनसत्त्वाची उणीव दीर्घकाळ राहिली म्हणजे पाय कोठे आहेत याची जाणीव वर पोचविणारे रज्जूचे मागील तंतू झिजतात, आणि डोळे मिटून तोंड धुताना मनुष्याचा तोल जातो. १९४८ साली हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले. आज त्याची सुई स्वस्त आहे, मात्र विलंब फार झाला तर झालेली हानी पुरती भरून येत नाही.

राहता राहिला आघात. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मान निखळून हातपाय बधिर झालेल्या रुग्णास असाध्य ठरविले आहे, आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा फैसला व्यवहारात फारसा बदलला नव्हता. वस्तुतः अशा रुग्णांचा बळी बहुधा शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा दोष हे घेत. जर्मनीतून परागंदा झालेले लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे रुग्णांस दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा कडक बंदोबस्त केला, आणि २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकांच्या खुर्चीवरील माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्याच परंपरेत १९७२ साली हायडेलबर्ग येथे भरलेल्या अशाच स्पर्धांत, १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. अधरांगघात झालेल्या सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये उभे राहिले.

दोन विनंत्या करून आपली रजा घेतो. रस्त्यावर अपघातात सापडलेल्यास बगलेत आणि पायांस धरून रिक्षात कोंबू नका. चौघांनी मिळून मान व पाठ एका रेषेत ठेवून त्यास फळीवर घ्या. आणि घरात कोणाचे पाय लुळे पडून लघवी तुंबली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.